समुद्र काही लेकीचं घर नव्हे

माझी आई पहिल्यांदा जर्मनीला आली ती स्वतःचा शिधा घेऊन. दोन बॅगांपैकी एकीत तिचे आणि बाबांचे कपडे होते, आणि दुसरीत तांदूळ, तूरडाळ, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, पोहे आणि बेसनाच्या लाडवांचे दोन डबे. फ्रँकफर्टच्या विमानतळावर ती दुसरी बॅग उचलताना माझ्या नवऱ्याच्या कमरेत उसण भरली. "काय आहे यात, आई?" त्याने हसत विचारलं. "काही नाही हो जावईबापू, आमचं आपलं थोडं," आई म्हणाली. मला मात्र बॅग बघताक्षणीच कळलं, आणि गाडीत बसायच्या आधीच माझं डोकं फिरलं.

आमच्याकडे नियम आहे. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. माझी आजी हा नियम इतका कडक पाळायची की माझ्या जन्माआधी ती मिरजेहून सांगलीला आईकडे यायची ते पाण्याचा तांब्या घेऊन. तास-दोन तास बसायची, लेकीची विचारपूस करायची, आणि तांब्यातलं पाणी संपलं की एस.टी. पकडून परत. आई हे अभिमानाने सांगायची. "तुला राग नाही यायचा?" असं मी एकदा विचारलं होतं. "राग कसला? नियम आहे," ती म्हणाली होती.

माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. मी कार्ल्सरूहेत एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करत होते आणि नवरा तिथल्याच विद्यापीठात डॉक्टरेट करत होता. त्याचा प्रबंधही पाच वर्षं अडकूनच होता, पण त्याच्यासाठी कुणी अन्नपाणी सोडलं नव्हतं.

एक गोष्ट मी आईला सांगितली नव्हती. त्याच वर्षी, म्हणजे २००७च्या जानेवारीत, तिसरा महिना संपता संपता माझं बाळ गेलं होतं. दोन दिवस मी हॉस्पिटलमध्ये होते. फोनवर आईला मी ताप आलाय म्हणून सांगितलं, आणि तिने मला गवती चहाचा काढा कसा करायचा ते सांगितलं. पुढे मे महिन्यात ती आली आणि स्वयंपाकघरातल्या एका कप्प्यात तिने तिचा वेगळा शिधा मांडला. रोज सकाळी तो कप्पा उघडला की मला वाटायचं, ही आपल्या तोंडावर काही बोलत नाही, पण हा कप्पा बोलतोय. मला एवढंच हवं होतं की तिने एकदा, मूल नसतानाही, माझ्या हातचा एक घास खावा. पण हे मागायचं कसं? मागून मिळालेल्या घासाला काय अर्थ?

बाकी आई काही दुष्ट नव्हती, उलट फार सोयीस्कर होती. शेगडी आमची चालायची, कारण विजेला चव नसते. पाण्याचा पेच बाबांनी सोडवला. बाबा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी निकाल दिला की नळाचं पाणी कुणाच्याच घरचं नसतं, ते नगरपालिकेचं असतं. लेक नुसती नळ सोडते. हे आईला इतकं पटलं की पुढे ती माझ्याकडूनच नळ सोडून घ्यायची नाही, स्वतः उठायची. मी भरून दिलेला पेला तेवढा तसाच राहायचा. भाजी बाबा आपल्या खिशातून आणायचे. रोज संध्याकाळी ते "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून बाहेर पडायचे आणि कोपऱ्यावरच्या बेकरीत माझ्या नवऱ्याबरोबर चेरीचा केक खायचे. मिशीला लागलेलं क्रीम आईला दिसायचं. ती पदराने पुसून द्यायची. नियम बायकांनी पाळायचा असतो, पुरुषांनी फक्त त्यातून वाटा शोधायच्या असतात.

जूनमध्ये मला आठवड्याची रजा मिळाली. म्हटलं, हिला त्या कप्प्यापासून दूर नेऊ. आमच्या जवळच्या छोट्या विमानतळावरून स्पेनमधल्या गिरोनाला स्वस्त विमानं जायची. तिथून वर रोसेस नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. अर्धं गाव हॉटेलांचं आणि हॉटेलांत अर्धे लोक जर्मन. आम्ही हालबपेन्झिओन घेतलं, म्हणजे सकाळची न्याहारी आणि रात्रीचं जेवण हॉटेलातच. मी मनात म्हटलं, हॉटेल काही माझं घर नाही, तिथे ती जेवेल.

"बुकिंग कोणी केलं?" आईने विचारलं.

"मी केलं, आई," नवरा उत्साहाने म्हणाला. मी टेबलाखालून त्याला पाय मारला, पण उशीर झाला होता.

"मग ते जावईबापूंचंच घर झालं, आठवड्यापुरतं."

"अगं, असं कसं?" बाबा म्हणाले. "उद्या म्हणशील समुद्रपण जावईबापूंचा. समुद्र काही लेकीचं घर नव्हे."

"समुद्रात कुठे कोण जेवतंय?" असं म्हणून आई दशम्या करायला उठली. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही.

विमानतळावर सुरक्षा तपासणीत मेतकूट पकडलं गेलं. पिवळी पूड, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंडाला रबरबँड. तिथल्या बाईंनी हातमोजे चढवले, पिशवी उघडली आणि वास घेतला. मग सहकाऱ्याला बोलावलं. त्यानेही वास घेतला. मी जर्मनमध्ये सांगितलं की हे भातावर घालून खायचं असतं. "भात कुठाय?" त्याने विचारलं. अगदी रास्त प्रश्न होता. आई शांतपणे पुढे झाली, चिमूटभर मेतकूट तळहातावर घेऊन तोंडात टाकलं आणि त्यांच्याकडे बघून हसली. ती मरत नाही असं पाहून त्यांनी आम्हाला सोडलं.

रोसेसचा किनारा लांबलचक, वाळू बारीक, पाणी ताटातल्या पाण्यासारखं स्थिर. पहिल्या सकाळी आई नऊवारीतून सहावारीत उतरल्यापासूनची सगळ्यात धाडसी गोष्ट करायला निघाली: साडी घोट्याच्या वर धरून समुद्रात उभी राहिली. मग तिने मान वळवली आणि तिला दिसलं की किनाऱ्यावरच्या बऱ्याच जर्मन बायकांनी वरचे कपडे काढून ठेवले आहेत. आईने नीट बघून घेतलं आणि ती म्हणाली, "वाऱ्याने छाती नाही का भरत यांची?" बाबांनी त्या क्षणी समुद्राकडे पाठ केली आणि पुढचा अर्धा तास हॉटेलच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या मोजल्या. सात होत्या. त्यांच्या मते दोन पुरल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी भाड्याच्या गाडीने डोंगराच्या टोकापर्यंत गेलो. तिथे रस्ता इतका वळणावळणाचा की नवरा प्रत्येक वळणाला प्रवासपुस्तकातलं एकेक वाक्य मोठ्याने वाचायचा आणि मी गाडी चालवायचे. त्याची ती सवयच आहे. समोर जे दिसतंय ते आधी पुस्तकात तपासायचं आणि जुळलं तर "गेनाऊ", म्हणजे "अगदी बरोबर", म्हणायचं. खाली छोट्या छोट्या खाड्या, पांढरी घरं, खडकाला चिकटलेली होड्यांची रांग. आई खिडकीतून बघत होती आणि मांडीवरच्या डब्यातला लाडू खात होती. "कोकणासारखंच आहे गं," ती म्हणाली, "फक्त कोरडं." ती खुशीत होती. मीही होते, रात्रीच्या जेवणापर्यंत.

जेवणाचा तो हॉल म्हणजे माझी रोजची परीक्षा. माणसं ताटं भरभरून आणायची, आणि आई समोर रिकामी बशी ठेवून हात मांडीवर घेऊन बसायची. जेवण खोलीवर आधीच झालेलं असायचं: दशमी, चटणी, मेतकूट. वाढप्या घाबरला होता. तो दर पाच मिनिटांनी पाव आणून ठेवायचा, मग ऑलिव्ह, मग टरबूज, आणि शेवटी त्याने छातीवर हात ठेवून स्वयंपाक्याच्या वतीने माफी मागितली. आई त्याला "नो नो, गुड गुड" म्हणायची.

शेजारच्या टेबलावर श्टुटगार्टकडचं एक निवृत्त जोडपं बसायचं. तिसऱ्या रात्री त्या आजींना राहवलं नाही. आई आजारी आहे का, असं त्यांनी मला विचारलं. मी जर्मनमध्ये नियम सांगितला. आजींनी काटा खाली ठेवला.

"पण हे तर हॉटेल आहे. तुझं घर नाही."

"गेनाऊ," माझा नवरा म्हणाला.

"आणि मूल झालंच नाही तर?"

सहा वर्षांत सगळ्यांनी मला "कधी" विचारलं होतं. "नाहीच तर" हे पहिल्यांदा कुणी विचारलं. मी म्हटलं, "मग माझी आई फार बारीक होईल." आजी हसल्या नाहीत. आईने मला विचारलं, काय म्हणतायत गं त्या? मी सांगितलं, तुझी साडी छान आहे म्हणतायत.

चौथ्या दिवशी लाडू संपले. आईच्या हिशेबाने ते आठवडाभर पुरायला हवे होते, पण सासूने जावयाच्या घरचं खायचं नाही एवढाच नियम आहे. जावयाने सासूचं खाऊ नये असं कुठेच म्हटलेलं नाही. माझ्या नवऱ्याने त्या कलमाचा पुरेपूर फायदा घेतला होता. दशम्यांना बुरशी आली. उरलं मेतकूट आणि बाबा बाजारातून आणतील ती केळी. आई म्हणाली, "केळ्यांवर काय, लोक चातुर्मास काढतात." पण दुपारी जिना चढताना ती कठड्याला धरून थांबली, ते मी पाहिलं. तिला बोलायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून मी नवऱ्यावर ओरडले. लाडवांवरून.

न्याहारीच्या हॉलमध्ये चार भाषांत पाटी होती की खाद्यपदार्थ बाहेर नेऊ नयेत. मी जर्मनीत राहून रिकाम्या रस्त्यावरसुद्धा लाल सिग्नलला थांबणारी बाई झाले होते. पण त्या आठवड्यात रोज सकाळी मी एक पाव कापून त्याला लोणी लावायचे, आत चीज घालायचे, कागदी रुमालात गुंडाळायचे आणि पर्समध्ये टाकायचे. वाटायचं, उन्हातान्हात कुठेतरी तिला भूक लागेल आणि तेव्हा ती नाही म्हणणार नाही. संध्याकाळी तो पाव नवरा खायचा.

पाचव्या दिवशी एम्पुरीजला गेलो. खाडीच्या दुसऱ्या बाजूला, समुद्राला अगदी लागून, ग्रीकांनी वसवलेल्या गावाचे अवशेष आहेत आणि वरच्या अंगाला रोमनांचं शहर. गुडघ्याएवढ्या भिंती, गल्ल्या, विहिरी, मासे खारवायच्या जागा; मध्येच पाइनची झाडं आणि त्यांच्या पलीकडे निळं पाणी. बाबांना जुन्या टाक्या आणि मातीच्या रांजणांतून पाणी गाळायची सोय सापडली, आणि ते तिथेच उकिडवे बसले. "उतार बघ," ते मला म्हणाले, "दोन हजार वर्षं झाली तरी एक इंच चुकलेला नाही. आमच्या खात्यातल्या ठेकेदारांना इथे आणून उभं करायला पाहिजे." ते आता तासभर उठणार नव्हते.

आम्ही तिघं पुढे गेलो. एका चौथऱ्यावर दाढीवाल्या पुरुषाचा उंच पुतळा उभा होता, खांद्यावरून उपरणं घेतल्यासारखं वस्त्र. नवऱ्याने पुस्तक उघडलं. "हे देऊळ होतं, आई. वैद्यकीचा देव. आजारी लोक इथे येऊन रात्री झोपायचे, आणि देव स्वप्नात येऊन उपाय सांगायचा."

"सगळ्या आजारांवर?"

"हो, ऑल काइंड्स. मूळ पुतळा म्युझियममध्ये आहे, हा रेप्लिका आहे, म्हणजे..." पुढचं ऐकायला आई तिथे नव्हती. तिने चपला काढल्या होत्या. दोरी ओलांडून ती चौथऱ्यापाशी पोचली, पर्समधून हळद-कुंकवाची डबी काढली आणि दगडाला हळद-कुंकू लावलं. त्यावर उरलेल्या केळ्यांपैकी एक ठेवलं. हात जोडले, डोळे मिटले, आणि तिचे ओठ हलू लागले.

शिट्टी वाजली. पहारेकरी पळत आला आणि हातवारे करत आपल्या भाषेत बोलत सुटला. नवरा जर्मनमध्ये माफी मागत होता, जी त्या माणसाला कळत नव्हती. दहाबारा प्रवासी जमले आणि एकाने फोटो काढला. आईने डोळे उघडले नाहीत. जे मागायचं ते पूर्ण मागून झाल्यावरच ती वळली, पहारेकऱ्याला केळं प्रसाद म्हणून दिलं आणि चपला घालून निघाली. तो बिचारा एका हातात शिट्टी आणि दुसऱ्या हातात केळं घेऊन उभा राहिला. मी माझ्या ओल्या रुमालाने दगड पुसला. कुंकू पूर्ण गेलं नाही.

शरमेने आणि संतापाने माझे कान तापले होते. नवरा पहारेकऱ्याची समजूत काढत राहिला आणि मी आईच्या मागोमाग खाली किनाऱ्यावर गेले. तिथे वाळूत ग्रीकांच्या जुन्या धक्क्याची दगडी भिंत उभी आहे. तिच्या सावलीत आई बसली होती.

"काय मागितलंस?" मी विचारलं.

"काय मागणार? तुझी कूस उजवू दे म्हटलं. आपल्या देवांना सांगून थकले. म्हटलं, इकडचा देव इकडच्या लोकांचं लवकर ऐकत असेल."

"आई, तो देव नाहीये. नक्कल आहे. खरा म्युझियममध्ये आहे."

"मग निरोप जाईल त्याच्याकडे."

एरवी मी हसले असते. तेव्हा माझा बांध फुटला. "माझी कूस उजवली होती, आई," मी म्हटलं. "जानेवारीत. तीन महिने होतं. मग गेलं. तो ताप नव्हता. मी हॉस्पिटलमध्ये होते आणि तू मला गवती चहा सांगत होतीस. आणि आता तू माझ्या घरात येऊन महिनाभर डबे मांडून बसलीयेस, आणि प्रत्येक वेळी तू तो कप्पा उघडलास की मला वाटतं की मी नापास झाले!"

लाटा येऊन जात होत्या. पाण्यात दोन मुलं जर्मनमध्ये भांडत होती. आई समोर बघत होती. मग ती म्हणाली, "माझी आई पाणी न पिता परत जायची ना, तेव्हा यायचा राग. खूप यायचा. दार लावून घ्यायचे मी." आणि मग, "एकटीच होतीस हॉस्पिटलात?"

"नाही. तो होता."

"मुलगा की मुलगी, कळलं होतं?"

"तीन महिन्यांत नाही कळत, आई."

तिने माझा हात हातात घेतला आणि बोटं एकेक करून दाबत राहिली, लहानपणी मला ताप आला की करायची तशी. मी रडले. तीही रडली, पण तिने पदराने आधी माझे डोळे पुसले. मग तिने नाक ओढलं आणि माझ्याकडे वळून ती जवळजवळ रागावून म्हणाली, "म्हणजे तू आई झालीस की."

"तीन महिने असो नाहीतर तीन दिवस. झालीस ना? मग नियम तेव्हाच सुटला. मला आधी नाही सांगायचं? उगाच मी केळी खात बसले." तिने हात पुढे केला. "भुकेने जीव चाललाय माझा. काय आहे तुझ्या पर्समध्ये? रोज सकाळी काहीतरी गुंडाळून घेतेस ते बघते मी."

मी कागदी रुमाल सोडला. पाव चेपला होता आणि लोणी वितळून एका बाजूला आलं होतं. आईने तो दोन्ही हातांनी धरला आणि खाल्ला, भराभर, चुरासुद्धा वेचून. मग माझी बाटली मागून घेतली आणि घटाघटा पाणी प्यायली.

तेवढ्यात बाबा टाक्यांकडून खाली आले. आईच्या हातात माझी बाटली बघून ते जागच्या जागी थबकले.

"अहो, या, बसा," आई म्हणाली. "आपण जानेवारीतच आजी-आजोबा झालो होतो. आपल्याला कळलंच नव्हतं."

बाबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ती हातात घेऊन ते माझ्या शेजारी वाळूत बसले.